माळ्यावर जुनी काडतुसं सापडली तर काय करायचं, आणि जुनी शॉटगन पावडर रिव्हॉल्व्हरला का चालत नाही

गिरगाव, दादर, पार्ल्याच्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की माळे रिकामे होतात, आणि ज्या घरात कधीकाळी बंदुकीचा परवाना होता तिथे ट्रंकेच्या तळाशी एखादं खोकं निघतंच. चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली १२ बोरची, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीची (शॉटगनची) काडतुसं, .३२ च्या गोळ्यांची पुठ्ठ्याची डबी, क्वचित परदेशातून कुणीतरी आणलेला शॉटगन पावडरचा अर्धा डबा. मग दोन प्रश्न पडतात. काडतुसं अजून चालतील का? आणि डब्यातली दारू रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या काडतुसांत भरता येईल का? पहिल्याचं उत्तर काडतूस नीट बघितल्यावर मिळतं. दुसऱ्याचं उत्तर नाही असंच आहे, आणि त्यामागचं कारण पुढे सविस्तर दिलं आहे, कारण "थोडीच भरून बघू" हा विचार बोटं घेऊन जातो.

आधी कागद. परवाना कुणाच्या नावावर आहे, त्याची मुदत आहे का आणि त्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगायची मुभा लिहिली आहे, हे तीन मुद्दे बघा. परवानाधारक हयात नसेल किंवा मुदत संपली असेल तर तपासणीच्या फंदात न पडता थेट शेवटच्या भागातलं करा. परवाना चालू असेल तर परवानाधारकाने स्वतः पुढचं काम करावं. भाचे-पुतण्यांनी करू नये.

टेबलावर मांडताना

ट्रंक उपडी करू नका. काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर जी छोटी टोपी असते तिच्यावर सहसा टोकदार घाव बसला तरच ती पेटते, पण ट्रंकेत खिळे, चाव्या, अडकित्ते काय काय असतं ते आपल्याला माहीत नसतं. जाड सुती चादर टेबलावर अंथरा, नायट्राइलचे हातमोजे घाला, एकेक काडतूस उचलून आडवं ठेवा. स्वयंपाकघरात किंवा देवघराजवळ हे काम नको. शिशाच्या उघड्या गोळीवर पांढरी भुकटी धरलेली असेल तर ती फुंकू नका. ती शिशाचीच संयुगं असतात आणि श्वासातून आत जातात. ओल्या कागदाने टिपा आणि तो कागद पिशवीत बांधून बाजूला ठेवा. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय चहाचा कप उचलू नका.

आता बूड वाचा आणि दिसेल ते यादीत लिहून ठेवा. पितळी बुडावर टोपीभोवती अक्षरं कोरलेली असतात. 'के. एफ.' म्हणजे खडकीचा कारखाना, 'ओ. एफ. व्ही.' म्हणजे जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा. सोबत दोन किंवा चार आकडी साल असेल तर तुमचं निम्मं काम झालं. १२ बोरच्या 'शक्तिमान' काडतुसांचं खोकं शाबूत असेल तर त्यावरचा लॉट नंबर उतरवून घ्या. ईली, किनॉक अशी विलायती नावं असलेली काडतुसं बहुधा फार जुनी असतात आणि त्यांच्यात काळी दारू, म्हणजे जुन्या पद्धतीची धूर करणारी बारूद, असण्याचीही शक्यता असते.

.३२ च्या बाबतीत एक घोळ मुंबईतच काय, सगळीकडे होतो. परवान्यावर नुसतं '.३२ बोर' लिहिलेलं असतं, पण रिव्हॉल्व्हरचं काडतूस वेगळं आणि पिस्तुलाचं वेगळं. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग उंच असतं: नुसती पितळी नळी सुमारे २३.४ मिलिमीटर, बुडाला ठळक काठ, गोळी सहसा उघड्या शिशाची. पिस्तुलाचं .३२ ऑटो, म्हणजे ७.६५ मिलिमीटर, बुटकं असतं: नळी सुमारे १७.३ मिलिमीटर, काठ जेमतेम नखाला लागेल इतका, गोळीवर तांब्याचं आवरण. पट्टी लावून मोजा, डोळ्यावर विसंबू नका. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या चक्रीत बरेचदा बसतं, म्हणूनच ते धोक्याचं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला दाबाची मर्यादा प्रति चौरस इंच १५,००० पौंड आहे, पिस्तुलाच्या काडतुसाला २०,५००. जुन्या रिव्हॉल्व्हरला हा जास्तीचा भार पेलेलच असं नाही.

१२ बोरमध्ये लांबी बघायची. काडतुसावर ६५ किंवा ७० मिलिमीटर लिहिलेलं असतं, आणि ही लांबी बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे ६५ च्या जुन्या बंदुकीत ७० चं बंद काडतूस अगदी सहज जातं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, वाट आवळते आणि दाब वाढतो. बंदूक उघडून नळीच्या खालच्या सपाट बाजूवर ६५ किंवा अडीच इंच असा शिक्का आहे का ते बघा.

कोणतं बाद, कोणतं ठेवण्याजोगं

ताक पितळेत कळकतं तसं काडतूसही कळकतं. पितळेवर नुसता तपकिरी डाग असेल, नखाने खरवडल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत लागत असेल, तर ते वरवरचं आहे. हिरवा थर धरलेला असेल आणि तो पुसल्यावर खाली खड्डे दिसत असतील तर ते बाद. टोपीच्या कडेला हिरवी वर्तुळाकार रेघ असेल, टोपी आत बसलेली किंवा बाहेर फुगलेली असेल, तर बाद. गोळी बोटाने फिरत असेल किंवा आत दबली असेल, तर बाद. पितळी नळीच्या तोंडाशी केसासारखी उभी चीर असेल, तर बाद. ती चीर भिंगातून बघा. नुसत्या डोळ्याला ती ओरखड्यासारखी वाटते.

चामड्याच्या पट्ट्यातली काडतुसं जवळजवळ नेहमीच बाद निघतात. चामडं कमावताना वापरलेली आम्लं दमट हवेत पितळेला खातात, आणि जिथे पट्ट्याची पकड असते तिथे बरोबर हिरवं कडं तयार होतं. पट्टा मिरवायला असतो, साठवायला नाही.

कागदी नळीची १२ बोरची काडतुसं पावसाळ्यात फुगतात. जे काडतूस अंगठ्याच्या हलक्या दाबाने बंदुकीच्या नळीत जात नाही ते रेटू नका. पोलादी कानस लावून बारीक तर मुळीच करू नका. प्लास्टिक नळीचं काडतूस बाहेरून नवं दिसतं, म्हणून त्याचं पितळी बूड आणि टोपी तेवढ्याच काळजीने बघा.

चमकवायचा मोह होतो. चिंच, लिंबू, पितांबरी, अमोनिया असलेलं पॉलिश, यांतलं काहीही लावू नका. अमोनियाचा इतिहास तर आपल्याच हवेतला आहे: ब्रिटिश फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवली जात आणि हात न लावता तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया ताणलेल्या पितळेला चिरतो, हे १९२१ मध्ये उलगडलं. आजही बाथरूमच्या माळ्यावर, फरशी पुसायच्या रसायनांशेजारी डबा ठेवला की तेच घडू शकतं. कोरड्या सुती फडक्याने पुसा, बस. तेलही लावू नका. पातळ तेल टोपीच्या फटीतून आत झिरपतं आणि टोपी मरते.

आणि दमटलेली काडतुसं वाळवणासारखी उन्हात मांडू नका, फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. यामागचं कारण कळण्यासाठी दारू म्हणजे काय ते थोडं बघावं लागेल.

दारू म्हातारी कशी होते

आजची धूररहित दारू म्हणजे नायट्रोसेल्युलोज. शॉटगन आणि पिस्तुलाच्या बऱ्याच दारूंमध्ये त्याच्या जोडीला नायट्रोग्लिसरीन. नायट्रोसेल्युलोज कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून हळूहळू तुटत असतं आणि त्यातून नायट्रोजनचे वायू सुटतात. ते वायू शोषून घ्यायला कारखानदार आत डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक घालतात. स्थिरक आहे तोवर सगळं शांत. ते संपलं की सुटलेला वायू ओलाव्याशी मिळून आम्ल बनवतो, आम्ल आणखी दारू तोडतं, त्यातून आणखी वायू. ही साखळी तापमानावर चालते आणि ढोबळमानाने दर १० अंशांना तिचा वेग दुप्पट होतो. पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये किती तापतं ते मुंबईकराला सांगायला नको.

ओलाव्याचा परिणाम उलटसुलट असतो. दमट दारू मंद जळते, वाजवीपेक्षा कोरडी झालेली जलद जळते. जुलैत ओलावा प्यायलेलं आणि नंतर एसीच्या कपाटात किंवा उन्हात सुकलेलं काडतूस कारखान्यातून निघालं तसं राहिलेलं नसतं. तेच खोकं, तोच लॉट, पण एक बार फुसका आणि पुढचा जोराचा, असं होतं ते यामुळे.

डबा सापडला तर झाकण उघडून नाक खुपसू नका. झाकण सैल करून हाताने हवा आपल्याकडे ढकला. चांगल्या दारूला स्पिरिट-ईथरसारखा हलका वास असतो. बिघडलेलीला नाकाला झोंबणारा आंबट, आम्लाचा वास येतो. डब्याच्या आतल्या बाजूला गंज, दाण्यांवर विटकरी धूळ, गोळे झालेले दाणे, झाकण उघडताच तांबूस वाफ, यांपैकी काहीही दिसलं तर झाकण दाबून न लावता नुसतं टेकवून ठेवा आणि डबा उन्हापासून, विजेच्या बोर्डापासून लांब राहील असं बघा. डबा हाताला कोमट लागला तर तो उचलायचाच नाही. घरातल्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

दारू स्टीलच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत ओतू नका. कारखाना मुद्दाम कमकुवत डबा देतो: आग लागली तर तो फाटतो आणि दारू नुसती भडकते. घट्ट झाकणाच्या मजबूत भांड्यात तीच दारू बॉम्ब होते. संडासात किंवा गटारात टाकूनही उपयोग नाही, नायट्रोसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही. ते साचतं आणि सुकल्यावर पुन्हा तेच.

शॉटगनची दारू रिव्हॉल्व्हरमध्ये का नाही

कायदा आधी सांगतो, कारण इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. घरी काडतूस भरणं म्हणजे दारूगोळा तयार करणं, आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे त्याला निर्मितीचा परवाना लागतो. शस्त्र बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीही कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच आहे.

पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जमत नाही. अमेरिकेत घरी काडतुसं भरणं रूढ आहे आणि शॉटगनच्या अनेक दारू तिथे हँडगनमध्येही वापरल्या जातात, म्हणून इथल्या माणसाला ते सोपं वाटतं. तिथे मात्र प्रत्येक दारूसाठी कारखान्याने दाब मोजून छापलेला तक्ता असतो: अमुक काडतूस, अमुक वजनाची गोळी, अमुक टोपी, इतकेच ग्रेन (१ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम). दारू बंद झाली की तक्ताही पुढच्या आवृत्तीतून गळतो. विंचेस्टर कंपनीच्या ४५२ एए, ४७३ एए, ५४०, ५७१ अशाच गेल्या. आयएमआर कंपनीच्या एसआर ४७५६ आणि एसआर ७६२५ सुद्धा. डबा उरतो, आकडा हरवतो.

नावावर जावं तर तिथेही खड्डा. विंचेस्टर ५४० आणि हॉजडन एचएस-६ एकच दारू, ५७१ आणि एचएस-७ एकच. हे अनुभवी लोकांना ठाऊक असतं, म्हणून "नावं वेगळी, माल एक" असा सरसकट समज होतो आणि तो दुसऱ्या जोडीला लावला की घात होतो. रेड डॉट, ग्रीन डॉट, ब्लू डॉट ही नावं भावंडांसारखी, पण जळण्याचा वेग तिघांचा वेगळा. रेड डॉट जलद, ब्लू डॉट त्यातली संथ. या दारू आधी हर्क्युलिसच्या नावाने यायच्या, १९९५ पासून अलायंटच्या. म्हणजे जुन्या डब्यावरचं कंपनीचं नाव आज सापडतही नाही. बनवणाऱ्यालाही आपला सल्ला मागे घ्यावा लागतो, याचं उदाहरण ब्लू डॉटचंच आहे: अलायंटने २००८ मध्ये .४१ मॅग्नम या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ती वापरू नका असं जाहीर केलं, आणि .३५७ मॅग्नममध्ये १२५ ग्रेनच्या गोळीमागेही नको म्हणून सांगितलं. प्रयोगशाळेत दाब मोजणाऱ्यांना जिथे मागे यावं लागलं, तिथे स्वयंपाकघरातला वजनकाटा काय करणार?

वजनाचा अंदाज घ्या. १२ बोरच्या काडतुसात धूररहित दारू साधारण सव्वा ग्रॅमच्या आसपास असते. .३२ रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात ती तांदळाच्या सात-आठ दाण्यांच्या वजनाइतकी. दोन दाण्यांची चूक १२ बोरमध्ये कळणारही नाही, .३२ मध्ये ती पाव भाग झाली. शिवाय १२ बोरची दाबाची मर्यादा प्रति चौरस इंच ११,५०० पौंडांची. रुंद नळी, हलके दाबले जाणारे डट्टे (दारू आणि छर्ऱ्यांच्या मधली बुचं) आणि छर्रे यांच्यामागे जी दारू सावकाश दाब धरते, तीच अरुंद पितळी नळीत, आवळून बसवलेल्या गोळीमागे वेगळी वागते. दाब वाढला की दारू आणखी जोरात जळते, जळली की दाब आणखी वाढतो. शॉटगनच्या दारूचे दाणे बहुधा पातळ चकत्यांसारखे आणि फुगीर असतात. छोट्या तोंडातून उतरताना ते अडकतात, एका काडतुसात कमी आणि पुढच्यात दुप्पट पडते. .३२ ची नळी दुप्पट भरली तरी ओसंडेलच असं नाही, म्हणून चूक डोळ्याला दिसत नाही.

काडतूस फोडून मिळालेली दारू तर निनावीच. कारखाने स्वतःच्या लॉटप्रमाणे दारू जुळवून घेतात. ती बाजारात डब्यात मिळणाऱ्या कुठल्याही दारूशी जुळेल असं नाही. रंग आणि आकार बघून ती ओळखता येत नाही, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्याला डबा आणायला सांगू नका. दारू विमानाच्या सामानात चालत नाही, ना हातातल्या ना खालच्या.

चालू परवान्यातली चांगली काडतुसं

मूळ खोक्यात, खोकं हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात, सोबत ५० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल. मे संपताना जेल बदला आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा बघा. डबा घराच्या आतल्या भिंतीलगतच्या कपाटात, जमिनीपासून वर. माळ्यावर नको, इन्व्हर्टरजवळ नको, एसीच्या झोताखाली नको. शस्त्र वेगळ्या कुलपात. झाकणावर साल आणि लॉट लिहा, जुनं आधी वापरा.

नेमबाजीच्या रेंजवर जुनं काडतूस वापरताना दोन आवाज ओळखता यायला हवेत. नुसता 'टक' आला, बार झाला नाही, तर नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान ३० सेकंद थांबा. टोपी उशिरा पेटू शकते. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढून चक्री पुढे सरकवू नका: उशिरा पेटलेलं काडतूस तेव्हा नळीसमोर नसतं. 'फुस्स' आला, धक्का कमी जाणवला, तर लगेच थांबा. गोळी किंवा डट्टा नळीत अडकलेला असू शकतो आणि पुढचा बार त्याच्यावर आदळून नळी फुगवतो किंवा फाडतो. शस्त्र रिकामं करून मागून नळीत उजेड बघा. उजेड दिसला नाही तर ते रेंज अधिकाऱ्याच्या हाती द्या.

फार जुन्या लष्करी काडतुसांच्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचं मीठ नळीत उरतं, आणि मुंबईच्या हवेत ते एका रात्रीत गंज धरतं. तेलाने मीठ जात नाही. आधी गरम पाणी, मग पूर्ण कोरडं, मग तेल.

जमा करताना

बाद काडतुसं भंगारवाल्याला, समुद्रात किंवा कचऱ्यात जाता कामा नयेत. शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं की ज्या शस्त्राचा किंवा दारूगोळ्याचा ताबा कायदेशीर राहिला नाही, तो विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचा. परवानाधारक वारला असेल तर कायदेशीर वारसाला, ठरलेल्या मुदतीत स्वतःचा परवाना मिळवून, जमा केलेली वस्तू परत घेता येते किंवा विकता येते. म्हणून घाबरून लपवण्यात काहीच हशील नाही.

पिशवीत घालून लोकलने निघू नका. आधी ठाण्यात फोन करा किंवा नुसता अर्ज घेऊन जा आणि माल कसा आणायचा ते विचारा. दारूचा डबा किंवा गंजलेला तोफगोळ्यासारखा प्रकार असेल तर तो हलवायचाच नाही, ते पोलिसांना स्पष्ट सांगा. अर्जात लिहा: मूळ परवानाधारकाचं नाव आणि परवाना क्रमांक, वस्तू कुठे व कधी सापडली, प्रत्येक प्रकारच्या काडतुसांची संख्या, बुडावरची अक्षरं आणि साल. टेबलावर यादी केली असेल तर ती इथे कामी येते. सोबत परवान्याची आणि असल्यास मृत्यू दाखल्याची प्रत जोडा. परवान्यात बदल, रद्द करणं किंवा वारसाच्या नावाचा अर्ज या गोष्टी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या पोलीस आयुक्तालयातून होतात.

अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि मोजून घेतलेली संख्या लिहून घ्या. "काडतुसं मिळाली" एवढंच लिहिलं असेल तर तिथल्या तिथे विनंती करून आकडा घालून घ्या.